सटवाजीनं न दिलेली दवंडी

करंजपेठेत अजून एसटी यायची होती आणि रस्त्यावरच्या दिव्यांत रॉकेल जळत होतं, तेव्हाची ही गोष्ट. तालुक्यात गावं चाळीस आणि चाळीस गावांना पेठ एकच. दगडी वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांची दुकानं. मंगळवारच्या बाजाराला इतकी माणसं लोटत, की बैल आत घ्यायचा तर त्याची शिंगं धरून पुढे चालावं लागे, असं म्हणतात.

या पेठेत सटवाजी नावाचा दवंडीवाला होता. त्यानं वेशीत डफावर थाप मारली, की तीन कोसांवरच्या विहिरीतलं पाणी थरथरायचं, असं म्हणतात. मी ते पाहिलेलं नाही, पाहिलेला माणूसही मला भेटला नाही. दवंडीचा नियम मात्र पक्का होता. पाटलानं शब्द द्यायचा, मग दवंडीवाल्यानं तो गावाला सांगायचा. आपल्या मनानं डफ वाजवायचा नाही. सटवाजीच्या बापानं आणि आज्यानं हा नियम कधी मोडला नव्हता.

एका माघातल्या मंगळवारी सकाळी सटवाजीला धान्याच्या वखारीमागे सात उंदीर मरून पडलेले दिसले. उंदीर पडले की मागोमाग गाठीचा ताप येतो, मग घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं, हे तेव्हा पोराटोरांनाही ठाऊक होतं. तो पळतच पाटलांकडे गेला.

पाटील दात घासत होते. म्हणाले, "सात उंदीर? एखादं मांजर माजलं असेल."

"मालक, मांजरानं मारलेल्याला रक्त असतं. हे नुसतेच पडलेत."

पाटलांचा हात थांबला. "सटवा, माणसं वाटेला लागलीत. भर बाजारात ओरडलास तर वेशीत चेंगरून मरतील. उद्या सकाळी शब्द देतो."

सटवाजी वेशीत येऊन बसला. डफ मांडीवर, हात डफावर. बाजार भरला. दुपारी त्याची एकुलती लेक ठकूबाई आली. तिला दोन कोसांवरच्या बोरवंडला दिली होती.

"बाबा, हात डफाला चिकटला का तुमचा? काय सांगायचंय?"

"काही नाही गं. हुकूम नाही."

"आता लेकीशी बोलायलाही पाटलाचा हुकूम लागतो वाटतं," असं म्हणून ती हसली.

तिला एकटीला सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण जे सगळ्यांच्या लेकींना सांगता येत नाही ते आपल्या लेकीला कसं सांगायचं, असं त्याला वाटलं. हे बरोबर होतं की चूक, याचा मी पुष्कळ विचार केला. मला अजून ठरवता आलेलं नाही. ठकूबाईनं वखारीतली ज्वारी घेतली, गाठोडं डोक्यावर चढवलं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी शब्द दिला. पेठ माळावर गेली आणि बरीचशी वाचली. बाजारची माणसं मात्र आपापल्या गावी पोचली होती. नवव्या दिवशी बोरवंडहून निरोप आला. ठकूबाई गेली.

मग सटवाजीनं कुणालाही विचारलं नाही. डफ घेऊन तो निघाला आणि गावोगावच्या वेशीत एकच दवंडी देत राहिला. "ऐका हो ऐका. उंदीर पडलेत, घरं सोडा. मला मंगळवारीच ठाऊक होतं." चाळीसही गावांत तो एकाच सकाळी दिसला, असं म्हणतात. डफाचं कातडं फाटून गेलं तरी आवाज येतच राहिला, असं म्हणतात. शेवटच्या गावात तो वेशीला टेकून बसला. बाया पाणी घेऊन आल्या तेव्हा तिथं डफाचं नुसतं कडं होतं.

पेठेत आता फळ्या जाऊन शटरं आली. वेशीची अर्धी कमान उरली आहे. पण परगावी दिलेली लेक मंगळवारी दुकानात आली, की माल तोलायच्या आधी दुकानदार तिला गावातलं वाईट असेल ते सांगतो. याला सटवाजीचं सांगणं म्हणतात.

"अक्का, यंदा डाळीत खडे आहेत."

"ताई, ओढ्यावरचा कठडा पडलाय, तिकडून जाऊ नका."

"तुझ्या आईला दिसेनासं झालंय गं. ती तुला सांगायची नाही."

लेक "बरं" म्हणेपर्यंत दुकानदार तराजूला हात लावत नाही.