गॅलरीतली पहिली रांग

एका विद्यापीठाला एक कुलगुरू लाभले होते. त्यांचे नाव डॉ. मुकुंद घैसास. मुळात ते अभियंते. काँक्रीट हा त्यांचा विषय. आधी धरणावर नोकरी केली, मग महाविद्यालयात शिकवू लागले, आणि पायरी पायरीने चढत विद्यापीठातल्या सर्वांत वरच्या खुर्चीवर जाऊन बसले. माणूस विद्वान होता, सरळही होता. आता दिल्लीतल्या एका मोठ्या संस्थेचे प्रमुखपद त्यांना मिळेल अशी चर्चा होती. त्या निवड समितीचे अध्यक्षच यंदा दीक्षान्त समारंभाला पाहुणे म्हणून येणार होते. विद्यापीठाच्या नव्या सभागृहातला हा पहिलाच समारंभ.

समारंभाला तीन दिवस उरले असताना घैसास सर एकटेच सभागृह पाहायला गेले. वरच्या गॅलरीत कौसाबाई झाडत होती. ती याच बांधकामावरची जुनी मजूर.

"बाई, शुक्रवारी पाहुणे येतात. ही धूळ कधी निघायची?"

"चौथ्यांदा झाडतेय, सायेब. ही वरून पडलेली धूळ न्हाई. जमिनीतूनच निघतीय."

सरांनी वाकून जमिनीवर तळहात घासला. हाताला पिठासारखी भुकटी लागली. तरी ते म्हणाले, "काँक्रीट पक्के आहे. ठोकळे फोडून पाहिलेत आम्ही."

गॅलरी ओतताना त्याच मिश्रणाचे छोटे ठोकळे पाडून ठेवतात. अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडतात. ठोकळे टिकले तर गॅलरी टिकली असे समजायचे, ही रीतच आहे. हे ठोकळे उत्तम टिकले होते. अहवालावर सरांची सहीसुद्धा होती.

"इतके दिवस ते ठोकळे होते कुठं?" कौसाबाईने विचारले.

"प्रयोगशाळेतल्या हौदात."

"म्हंजी ते पाण्यात डुंबत व्हते, आन ही उन्हात तापत व्हती. हिला पाणी मारायचं काम माझंच. दोन आठवडे कोरडी नळी धरून बसले मी. टँकरच बंद झाले ना!"

सरांना आठवले. एप्रिलमध्ये वसतिगृहाच्या विहिरी आटल्या, तेव्हा बांधकामाचे सगळे टँकर तिकडे वळवा असा आदेश त्यांनीच दिला होता. आदेश चुकीचा नव्हता. मुलांना पाणी हवेच होते. पण ओल्या काँक्रीटला सुरुवातीचे दिवस पाणी मिळाले नाही तर ते आतून कच्चे राहते, हे त्यांनी तीस वर्षे वर्गात शिकवले होते. आणि त्या दिवशी, कुठे नवे काँक्रीट ओतले आहे का, एवढे विचारायचे ते विसरले. ठेकेदारही गप्प बसला. कुलगुरूंच्या आदेशापुढे बोलणार कोण?

त्यांनी कुलसचिव सातपुते यांना बोलावून सगळे सांगितले.

सातपुते म्हणाले, "सर, आपल्याकडे शिक्क्याचा अहवाल आहे. एका झाडणाऱ्या बाईच्या शब्दावर गॅलरी बंद करायची? आणि कारण काय लिहायचं? कुलगुरूंनी पाणी पळवलं म्हणून?"

"यंत्राने गॅलरीचा तुकडा काढून तपासता येईल."

"नव्या कोऱ्या गॅलरीला भोकं पाडायची? पाहुणे वर बघणार नाहीत का? वर गालिचा टाकू, सर. धूळ दिसायची नाही. समारंभ होऊ द्या, मग बघू."

दिल्लीची खुर्ची हाताच्या अंतरावर आली होती. शेवटी खाली मान घालून ते म्हणाले, "टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत लाल गालिचा पसरला गेला. सातपुते बैठकीची यादी वाचून दाखवू लागले. "खाली मान्यवर, प्राध्यापक आणि विद्यार्थी. वर गॅलरीत विद्यार्थ्यांचे आईवडील, तीनशे चाळीस जण. आणि वहिनींची खुर्ची गॅलरीतच ठेवलीय, पहिल्या रांगेत मधोमध. तिथून तुम्ही छान दिसाल."

"नको. तिला खाली बसवा."

सर पटकन बोलून गेले. सातपुत्यांचे पेन थांबले. दोघांनीही एकमेकांकडे पाहिले, आणि दोघांनीही नजर चुकवली. गॅलरीत माणसे खुर्च्या मांडत होती. तो खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

"सातपुते, मी आत्ता काय म्हणालो?"

"काही नाही, सर. वहिनींना खाली—"

"गालिचा काढा. माणसं आधी खाली उतरवा. एकेक करून, सावकाश."

दुपारी गॅलरीतून तीन तुकडे कापून काढले. प्रयोगशाळेत सरांनी पहिला तुकडा स्वतःच्या हाताने यंत्रात ठेवला. काटा हलला. हळूहळू वर चढू लागला. जिथे पोहोचायला हवे होते त्याच्या निम्म्यावर काटा आला आणि खटकन आवाज होऊन तुकडा फुटला. दुसराही तिथेच फुटला. तिसरा त्याच्याही आधी.

शुक्रवारी समारंभ मैदानात मांडवाखाली झाला. ऊन मी म्हणत होते. पाहुणे सारखा घाम पुसत होते. सर माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज तुम्ही उन्हात बसला आहात, ती चूक माझी आहे. पाणी मी वळवलं. अहवालावर डोळे झाकून सही मी केली. गॅलरी कच्ची आहे हे मला कौसाबाईंनी सांगितलं, आणि तरीही मी एक दिवस ते झाकून ठेवलं."

दिल्लीचे पत्र महिन्याभराने दुसऱ्याच कोणाला गेले.

"दोन वाक्यं कमी बोलला असतात, सर," सातपुते हळहळले, "तर आज दिल्लीत असतात."

"असतो. पण शुक्रवारी गॅलरीत कोण असतं, तेही बोला."



पुढे ती गॅलरी पाडायला घेतली. ठेकेदाराने पंधरा दिवस लागतील असे सांगितले होते. मजुरांनी घण घातले, आणि चौथ्या दिवशी दुपारी सगळी गॅलरी खाली आलेली होती.

तात्पर्य: जिथे आपल्या माणसाला बसवायला मन धजत नाही, तिथे दुसऱ्याच्या माणसाला कधीही बसवू नये.