काढून ठेवलेलं मडकं

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ही फार फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा समुद्राचे नकाशे कोणी काढले नव्हते.

एका किनाऱ्यावर कोळ्यांचं गाव होतं. हंगामात गावाच्या होड्या खोल समुद्रात जात आणि आठव्या दिवशी वारा त्यांना घरी आणून सोडी. म्हणून होडीत आठच दिवसांचं गोडं पाणी भरायचं, असा जुना नेम होता.

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर एक म्हातारी कासवीण त्या वाळूत अंडी घालायला येई. तिने सगळे समुद्र पालथे घातले होते. त्या वर्षी ती गावच्या म्होरक्याला म्हणाली, "तांडेला, उगवतीकडच्या महासागराला ताप चढलाय. तो तापला की दूरदूरचे वारे विस्कटतात. यंदा तुमचा वारा पडेल. पाणी दुप्पट घ्या."

तांडेल हसला. "कासवीणबाय, तुझा दर्या तुला, आमचा आम्हाला. मडक्यांनीच होडी भरली तर मासळी काय तुझ्या पाठीवर ठेवायची?"

"दर्ये दोन असतील रे, वरचं आभाळ एकच आहे," कासवीण म्हणाली आणि पाण्यात निघून गेली.

होड्या नेणारा तांडेलाचा एकुलता एक मुलगा होता. त्याने मुकाट्याने एक मडकं जास्त चढवलं. तांडेलाने ते स्वतःच्या हाताने उतरवलं. "लोक काय म्हणतील? तांडेलाचं घर कासवाच्या अकलेनं चालतं?"

मुलाने बापाचा शब्द मोडला नाही.

सहाव्या दिवशी वारा पडला. आठवा दिवस गेला, दहावाही गेला. किनाऱ्यावर राहिलेला तांडेल रोज समुद्रात हात घालून ताप लागतो का ते पाही. पाणी नेहमीसारखंच लागे. तिकडे वल्ही मारून माणसांचे हात सोलले, तरी किनारा दिसेना.

पंधराव्या दिवशी वारा सुटला आणि होड्या आल्या. एक सोडून सगळे जिवंत होते.

"त्याच्या वाटचं पाणी त्यानं आम्हाला पाजलं," एवढंच एकजण कसाबसा बोलला.

उतरवलेलं मडकं तिथेच वाळूत होतं. तांडेलाने त्याचं झाकण काढलं. आत अजून पाणी होतं. त्या बापाच्या दुःखाला शब्द नाहीत.

पुढच्या वर्षी कासवीण आली, तेव्हा तांडेल किनाऱ्यावर तिची वाट पाहत होता. हात जोडून त्याने विचारलं, "बाय, उगवतीचा दर्या बरा आहे ना?"

बोध: दूरच्याला चढलेल्या तापाची झळ आपल्यालाही लागते, त्याची विचारपूस वेळेवर करावी.