देवाची रजा

शाळेनं मला चौथीत सोडलं, पण मला अर्थ सांगायची खोड काही सोडेना.

एकदा नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या सेवेला बसलो, तर पुढ्यात पोतंभर कांदा आला. तासाभरात पंगत बसायची होती. तेवढ्यात आतून ग्रंथसाहिब वाचून दाखवणाऱ्या ग्रंथीजींचा आवाज आला, “माणसानं देवाच्या रजेत राहावं.”

मी लगेच विळी बाजूला सरकवली आणि भिंतीला टेकलो.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या हरबंसकौर बीबींनी विचारलं, “का हो भाऊ, कांदा?”

“बीबीजी, मी आता देवाच्या रजेवर. त्याची इच्छा असेल, तर कांदा चिरला जाईल.”

कणीक मळणाऱ्या बायका खुदखुदल्या.

बीबी शांतपणे म्हणाल्या, “आमच्यात रजा म्हणजे सुट्टी नव्हे, त्याची मर्जी. पण तुमचाच अर्थ धरू. रजा कामावरच्या माणसाला मिळते. तुम्ही अजून रुजू तरी कुठं झालात?”

मी विळी पुन्हा पुढ्यात ओढली आणि पोतं संपवलं. डोळ्यांना धार लागली, ती देवाच्या हुकमानं. “भक्तीनं भरून आलं हो,” असं सगळ्यांना सांगितलं, ते मात्र माझ्या मर्जीनं.