शिरेशेजारची फट

“एकदा! एकदा तरी बोलायचं होतं सासूबाईंनी!” शिष्याचा आवाज चढला होता. “मी वैद्य, भिंतीपलीकडे निजणारा. आणि त्या मात्र जांघेत आवळ्याएवढी गाठ लपवून वावरल्या. मूर्खपणा नाही तर काय?”

“मेलेल्या बाईला मूर्ख म्हणू नकोस,” वृद्ध वैद्या कडाडली. “द्वारकाबाई नाव होतं तिचं.”

विधवा द्वारकाबाई लेकी-जावयाजवळ राहत. आतडे अडकून, पोट फुगून, हिरव्या ओकाऱ्या काढत त्या गेल्या. तेव्हापासून हा जावई सगळ्यांशी भांडत होता, आज गुरूशी.

अंगणात बसलेल्या वैद्येने बोटातली अंगठी काढली, पदराचे टोक तिच्यातून ओढले आणि पलीकडे निघालेल्या कापडावर तांब्याभर पाणी ओतले. “घे, माघारी ओढ.”

भिजून फुगलेले कापड निघेना.

“हे काय आता, माई?”

“तुझी सासू. जांघेत आडवा चिवट बंध असतो. त्याच्याखालून पायाची धमनी जाते, शीर जाते. शिरेच्या आतल्या अंगाला देहानं चिमुकली फट मोकळी ठेवली आहे. शीर फुगली तर तिला जागा असावी म्हणून. बाईचं कटीर, म्हणजे कमरेखालचं हाड, रुंद, तेव्हा तिची फटही जरा सैल. त्यात बाळंतपणं, घागरी, जुनाट खोकला, शौचाला कुंथणं. पोटातला दाब वाट शोधतो आणि आतडं त्या फटीत उतरतं. एकीकडे हाड, एकीकडे बंध; कड काही ताणली जात नाही. आत सुजलं की रक्त थांबतं, आतडं कुजतं. शिरेची सोय पाहिली देहानं, बाईची नाही. आपल्या घरांसारखंच!”

“वेळेत कळतं, तर शल्यवैद्याकडे नेलं नसतं मी?”

“खोकताना ती जांघेवर हात दाबून धरायची, हे काल रडता रडता तूच बोललास. दिसत होतं ना? मग विचारलंस?”

शिष्याने हातातले ओले कापड सोडून दिले.

“जावयानं कसं विचारायचं, माई? ‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य.’ गावभर झालं असतं. लोक हसले असते.”

ही म्हण आपण पंगतीत मिटक्या मारत सांगतो. त्या अंगणात मात्र ती ऐकून कुणाच्या ओठाची कडही हलली नाही.

“हसले असते रे,” वैद्या हळूच म्हणाली, “आणि त्यांच्यात हसायला तीही जिवंत असती.”