रात्रीची नदी

एका मोठ्या नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाला धड रस्ता नव्हता. जे काही जायचं-यायचं ते नदीतूनच. पलीकडच्या तीरावर, दोन वळणं वरच्या अंगाला, पेठ होती. पेठेतला बाजार उजाडायच्या आत भरायचा. गावातली माणसं रात्री जेवून नावेत बसत, आपापल्या टोपल्यांना टेकून झोपत आणि जाग येई तेव्हा समोर पेठेचे दिवे दिसत.

म्हणून त्या गावात सगळे म्हणत, की रात्रीची नदी लहान असते. दिवसा ऊन लागतं, माणसं कंटाळतात, नदी संपता संपत नाही. रात्री मात्र डोळा लागतो न लागतो तोच पेठ येते. मुलं हे ऐकतच मोठी होत आणि मोठी झाली की आपल्या मुलांना तेच सांगत. चांगली शहाणी माणसंसुद्धा हे खरं मानत.

नावाडी त्याच गावचे. वर्षभर नाव चालवायची आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून धान्य न्यायचं, असा जुना रिवाज होता. हा रिवाज ठरला तेव्हा नाव फक्त दिवसा चालत होती. पुढं कुणीतरी म्हणालं, "बाबा, एवढी एक खेप रातीला कर. घरात लगीन हाय." नावाड्यानं केली. मग दुसऱ्याची अडचण निघाली, मग तिसऱ्याची. उपकार म्हणून सुरू झालेली खेप रोजची झाली, आणि रोजची झाल्यावर तो उपकार होता हे सगळे विसरले. दिवसभर वल्हं मारणारी तीच माणसं रात्रीही वल्हं मारू लागली. खळ्यावरचं धान्य मात्र होतं तेवढंच राहिलं.

एका रात्री गोंदा नावाचा तरुण नावाडी नावेच्या टोकाशी बांबू घेऊन उभा होता. पुढं खडक आहे की वाळू, हे बांबूनं चाचपायचं त्याचं काम. मागं वल्ह्यावर त्याचा थोरला भाऊ हरबा होता. उभ्या उभ्या गोंद्याचा डोळा लागला. तो पाण्यात गेला आणि नाव खडकाला घासली. हरबानं वल्हं सोडलं असतं तर नाव उलटली असती. त्यानं वल्हं सोडलं नाही. भावाच्या नावानं हाका मारत त्यानं नावेतली माणसं काठाला लावली आणि मगच नदीत उडी घेतली. गोंदा दुसऱ्या दिवशी सापडला, खालच्या वळणावर.

गाव हळहळलं. तिरडीमागं सगळे गेले. पण परत येताना माणसं आपसांत म्हणाली, "पोरगं गुणाचं हुतं, पर झोपलं म्हणून गेलं." त्याला झोप का लागली, हे काही कुणी विचारलं नाही.

गोंद्याचे दिवस झाले आणि नावाड्यांनी सगळ्या नावा वाळूवर ओढून पालथ्या घातल्या. हरबा पाटलांपुढं जाऊन उभा राहिला.

"पाटील, जो दिवसा वल्हं मारील त्यो रातीला मारणार न्हाई. रातीच्या नावेला येगळी माणसं पायजेत, आन् त्यांच्या पोटाला येगळं धान्य पायजे. त्येवढं ठरंपातूर नावा उठायच्या न्हाईत."

एक नाव मात्र त्यांनी पाण्यात ठेवली. बाळंतीण असो की आजारी माणूस, त्यांच्यासाठी ती केव्हाही निघे. बाकी सगळं थांबलं.

सुरुवातीला लोक म्हणाले, बिचाऱ्यांचंही खरं आहे. मग दूध नासू लागलं. गूळ घरात पाझरू लागला. कुणाची लेक माहेरपणाला निघून पेठेतच अडकली. तशी दया आटत गेली आणि माणसं चिडली. "यांच्या भांडणात आमचा काय गुन्हा?" असं जो तो म्हणू लागला. चिडणाऱ्यांचं सगळंच खोटं होतं असं नाही. नुकसान खरं होतं. पण नुकसान झालेल्या माणसाला समोर जो दिसतो त्याच्यावर राग काढायची घाई असते. समोर दिसत होते ते नावाडी.

त्या गावात चिमा नावाची एक माळीण राहत होती. नवरा वारलेला, पदरात दोन लहान लेकी. मळ्याच्या तुकड्यात ती शेवंती लावायची. पेठेतल्या देवळात तिच्या फुलांचा रतीब होता. पहाटेच्या आरतीआधी फुलं पोचली पाहिजेत, एवढीच देवळाची अट. त्या रतिबावर तिची चूल पेटायची. गोंदा गेला त्या रात्री चिमाही त्याच नावेत होती.

आता रोज तोडलेली फुलं रोज कोमेजत होती. एकदा तिनं सगळी टोपली हरबाच्या दारात नेऊन ओतली.

"माझ्या लेकींनी तुमचं काय घोडं मारलंय?" ती ओरडली.

हरबानं मान खाली घातली. त्यानं फुलं गोळा करून टोपलीत भरून दिली. पण नाव उठवली नाही.

गुळाचा व्यापारी नेमाशेट हे बघत होता. नावाड्यांवर सगळ्यांत जास्त तोच तापला होता. तो चावडीवर म्हणाला, "वल्हं पाण्यात घालायचं आणि ओढायचं, त्यात कसली आली विद्या? आणि रात्रीची नदी ती केवढी! दिवसाचं म्हणाल तर त्यांना ऊन लागतं, ते मी मानतो. रात्री काय, गार वारा. माझी गुळाची होडी आहे, माझे गडी आहेत. आज रात्री मी सगळ्यांना पेठेत पोचवतो."

लोक आनंदले. रात्री सगळे होडीत बसले. नेमाशेटनं आपल्यासाठी गादी आणली होती. त्याचे गडी दिवसभर गुळाच्या ढेपा उचलून आले होते, ते वल्ह्याला बसले.

होडी निघाली. माणसं सवयीनं टोपल्यांना टेकली. पण डोळा लागेना. एका गड्यानं जांभई दिली आणि सगळी होडी ताठ उठून बसली. "जागे आहात ना रे?" नेमाशेटनं विचारलं. गडी हो म्हणाले. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. मग तो विचारतच राहिला. गादी गुंडाळलेलीच राहिली.

त्या रात्री चिमानं पहिल्यांदा ती नदी पाहिली. इतकी वर्षं ती नदीतून जात होती, पण नदी तिनं पाहिली नव्हती. आधी काठाकाठानं प्रवाहाच्या उलट जायचं. मग खडक लागले. पाण्याखाली ते कुठं आहेत ते दिसेना. मग नदी अशी पसरली की दोन्ही तीर अंधारात गेले. पहिलं वळण आलं तेव्हा तिला वाटलं, आता पेठ येणार. पेठ आली नाही. थंडीनं बोटं आखडली. अजून दुसरं वळणही दिसत नव्हतं.

तिच्या शेजारी एक म्हातारा भाजीवाला बसला होता. तिनं हळूच विचारलं, "काका, ही नदी येवढी मोठी कवा झाली?"

"मलाबी तेच वाटतंय, पोरी," म्हातारा म्हणाला.

होडी दोनदा वाळूत रुतली. एकदा आडवी झाली तेव्हा बायामाणसांनी देवाचा धावा केला. बुडालं कुणी नाही. पण पेठेत पोचले तेव्हा ऊन डोक्यावर चढायला लागलं होतं. आरती केव्हाच झाली होती. गडी घाटाच्या पायऱ्यांवर आडवे झाले ते हलवूनही उठेनात.

देवळातला गुरव चिमाला म्हणाला, "चिमाबाई, देवाला रोज उसनी फुलं वाहतोय मी. उद्याची आरती चुकली तर रतीब दुसऱ्या माळणीला द्यावा लागेल. माझाही इलाज नाही."

गडी जरा ताजेतवाने झाल्यावर होडी परतली. संध्याकाळी गाव चावडीवर जमलं. नेमाशेट येताना नवी मसलत घेऊनच आला होता. "पेठेतल्या घाटावर परगावचे काही नावाडी भेटले. दिवसाही चालवू म्हणतात, रात्रीही, आणि याच धान्यात. ते आपल्यासोबतच आलेत. गावानं हो म्हणावं, आज रात्रीच नाव निघेल. आपल्या नावाड्यांनी मग पालथ्या नावा खुशाल राखत बसावं."

हरबा आणि त्याची माणसं चावडीच्या पायरीशी उभी होती. पिढ्यान्‌पिढ्यांचा त्यांचा हक्क एका शब्दावर आला होता.

त्या गावात एक चाल होती. ज्याचं नुकसान सगळ्यांत मोठं, त्यानं आधी बोलायचं. पाटील म्हणाले, "चिमाबाई, तू बोल. कोणी मधे बोलायचं नाही."

चिमा काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. हरबानंही तोंड फिरवलं.

चिमा उभी राहिली. "पाटील, मला आजच नाव पायजे. उद्या फुलं पोचली न्हाईत तर माझा रतीब गेला. माझ्या लेकी काय खातील, मला ठावं न्हाई." ती जरा थांबली. "पर काल म्या नदी बघितली. ती लहान न्हाई, पाटील. आपुन झोपत हुतो म्हणून लहान वाटायची. जो जागा ऱ्हातो त्येला ती सगळीच्या सगळी पार करावी लागती. दिसभर राबून आल्यावर, रोज रातीला."

हरबानं वळून तिच्याकडं पाहिलं. ती बोलतच होती.

"आन् आजून एक सांगते. गोंदा पडला तवा म्या नावेत हुते. धक्क्यानं जाग आली. हरबादादा भावाच्या नावानं आरडत हुता. तवा माझ्या तोंडातनं पयला शब्द काय निघाला सांगू? 'माझी फुलं भिजली.'" तिला हुंदका आवरेना. पदरानं तोंड दाबून ती पुढं म्हणाली, "ही परगावची माणसंबी माणसंच हायेत. त्यांच्यातबी कुणी गोंदा आसंल. माझ्या रतिबापायी म्या त्येला झोपेत नावेच्या टोकावर उभा करणार न्हाई. मला नगं आसली नाव."

ती खाली बसली. मग म्हातारा भाजीवाला म्हणाला, "मलाबी नगं." मग दूधवाला म्हणाला. सगळ्यांत शेवटी नेमाशेटनं घसा खाकरला. "काल मी गादी उलगडलीसुद्धा नाही," तो म्हणाला. "रात्रीच्या माणसांचं धान्य माझ्या कोठीपासून धरा."

एका बैठकीत सगळं मिटलं असं मात्र झालं नाही. धान्य किती, माणसं किती, यावर गावानं आणि नावाड्यांनी बरीच घासाघीस केली. दोघांनीही थोडं सोडलं. तोवर चिमाचा रतीब गेला. तो तिला परत मिळाला नाही. चांगलं बोललं म्हणून देव लगेच टोपली भरून देतो, असं काही मी तुम्हांला सांगणार नाही. पुढं ती पेठेत रस्त्याच्या कडेला बसून फुलं विकू लागली आणि कसंबसं घर चालवू लागली.

अखेर एका रात्री नावा पाण्यात उतरल्या. टोकाशी बांबू घेऊन एक नवा पोऱ्या उभा होता. मागच्या वल्ह्यावर हरबा होता. आता तो फक्त रात्रीच चालवणार होता. माणसं बसली, टेकली. चिमा मात्र टोपली मांडीवर घेऊन ताठ बसून राहिली.

"हरबादादा," तिनं विचारलं, "दिसा निजला हुतास का रं?"

हरबाच्या हातातलं वल्हं थांबलं. इतक्या वर्षांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. गोंद्यालाही कुणी विचारलं नव्हतं. त्यानं डोळे पुसले.

"व्हय, चिमाक्का. पोटभर निजलो. आता तू नीज."

तेव्हा कुठं चिमानं टोपलीवर डोकं टेकलं.

पुढं त्या गावात तशी रीतच पडली. रात्रीची नाव सुटण्याआधी कुणीतरी नावाड्याला विचारायचं, "दिसा निजलास का?" आणि त्यानं हो म्हटल्यावरच दोर सोडायचा. रात्रीची नदी लहान असते, असं मात्र पुन्हा कुणी म्हटलं नाही.

तात्पर्य: दुसरा जागा राहतो म्हणून आपला प्रवास सुखाचा होतो, त्याच्या कष्टाचं मोल आपल्या सुखावरून ठरवू नये, आणि त्यानं विसावा मागितला तर रागावण्याआधी त्याची वाट एकदा उघड्या डोळ्यांनी पाहावी.