टबाला पाडलेली वाट

मिरजेच्या वत्सलाबाई कुलथ्यांच्या लहानशा बाथरूममध्ये जुना टब होता. गुडघेदुखीमुळे त्यांच्या यजमानांना, भास्कररावांना, त्याचा उंच काठ ओलांडता येईना. नामांकित डिझायनर घाटपांडे म्हणाले, "सगळं तोडून नवं करा. स्वस्तात काही होणार नाही."

वत्सलाबाईंनी प्लंबरकडून तो काठ एका जागी खालपर्यंत कापून घेतला आणि वर साधा शॉवर बसवला.

ते पाहून घाटपांडे हसले. "बाई, टबाला कुणी वाट पाडतं का? आता यात पाणी राहील?"

"पाणी दोन वर्षं राहतच होतं, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "माणूस बाहेर राहत होता."

तेवढ्यात टॉवेल घेऊन भास्करराव आले, अलगद टबात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घाटपांडे, जाताना दार तेवढं ओढून घ्या."