हवा चाळीसच पाहिजे

उदाजीराव खर्डेकरांनी शर्यतीसाठी महागडी गाडी घेतली आणि ती चालवायला मृणाल शेडबाळेला नेमलं. शर्यतीच्या सकाळी त्यांनी फर्मान काढलं, "टायरात हवा चाळीसच पाहिजे. घट्ट टायर जोरात पळतो."

मृणाल म्हणाली, "आबासाहेब, एवढी भरली तर वळणावर गाडी रस्ता सोडेल."

"गाडी माझी आहे," उदाजीराव तापले. "मी स्वतः गेज लावून बघणार. चाळीस नसली तर पुढच्या शर्यतीला माझा जावई बसेल."

या जावयाने सरावात दोनदा गाडी गवतात घातली होती. मृणालने शांतपणे विचारलं, "गेज शर्यतीआधी लावणार की नंतर?"

"नंतर. आधी लावलं तर तू मागाहून हवा सोडशील."

"चालेल," म्हणत ती कामाला लागली.

गाडी एकाही वळणावर घसरली नाही आणि पहिली आली. ती थांबताच उदाजीरावांनी टायरला गेज लावलं. काटा बरोबर चाळीसवर होता. ते जमलेल्या लोकांकडे वळले. "माझं ऐकलं म्हणून जिंकली."

"ऐकलं ना," हेल्मेट काढत मृणाल म्हणाली. "निघताना बत्तीसच भरली होती. पळून पळून टायर तापला, तशी चाळीस झाली."

लोक हसू दाबू लागले. उदाजीराव लालबुंद झाले. "म्हणजे वरून हवा न भरताच दाब वाढला?"

"हो, आबासाहेब. तापलं की वाढतोच. माणसाचा वाढतो, तसाच टायरचाही."

उदाजीरावांनी गेज तिच्या हातात दिलं आणि सावलीतली एक खुर्ची बघून बसले.